पीसीओएस कळल्यावरचं पहिलं वर्ष: काय करायचं, कोणत्या क्रमाने

मी अकरावीत असताना आई दर रविवारी माझी मान घासायची. बेसन, दही, अर्धं लिंबू, आणि मग खरखरीत घासणीने मागून पुढून. "मळ बसलाय गं, नीट अंघोळ करत नाहीस." मान लाल व्हायची, झोंबायची, पण काळेपणा तसाच राहायचा. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की मानेच्या मागे आणि काखेत त्वचा अशी काळसर, मखमलीसारखी जाड होते. हे मला पाच वर्षांनी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "पाळी वेळेवर येते का?" येत नव्हती. वर्षातून चारदा, कधी पाचदा. घरात सगळ्यांना वाटायचं, अभ्यासाच्या ताणाने होत असेल.

सोनोग्राफीचा कागद हातात आहे, त्यावर "पीसीओ" असं काहीतरी लिहिलंय, डॉक्टरांनी पाच मिनिटांत "वजन कमी करा" म्हणून बाहेर पाठवलंय आणि आता पुढे काय ते कळत नाही, अशा बाईसाठी हा लेख आहे. पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशयाचं आणि संप्रेरकांचं (हॉर्मोन्सचं) दुखणं. मी डॉक्टर नाही. पंधरा वर्षं या दुखण्यासोबत राहते आहे आणि कोणत्या क्रमाने काय करायला हवं होतं, ते आता मला कळतं. औषध मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

आधी "गाठी" हा शब्द डोक्यातून काढा

अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढायला लागतात, त्यातला एक पूर्ण पिकतो आणि बीजांड बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही वाढ अर्ध्यावर थांबते. थांबलेले ते छोटे बीजकोश सोनोग्राफीत काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, कडेकडेने, माळेतल्या मण्यांसारखे. "गाठी" म्हणतात त्या याच. त्या फुटत नाहीत, त्यांचा कॅन्सर होत नाही, त्या कापून काढायच्या नसतात.

पुष्कळ जणींमध्ये मूळ गडबड इन्सुलिनची असते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही कमी पडतं. म्हणून हनुवटीवर केस, जबड्यावर पुरळ, डोक्यावरचे केस विरळ, आणि पाळी लांबलेली. अनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. तुमच्या आत्याला किंवा आजीला मधुमेह होता का, हे डॉक्टर म्हणूनच विचारतात. तुम्ही काही चुकीचं खाल्लंत म्हणून हे झालेलं नाही.

आपल्याकडे "पीसीओडी" हा शब्द जास्त चालतो. पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर असे दोन वेगळे आजार असल्याचं बरेच ठिकाणी सांगितलं जातं. त्यावर वेळ घालवू नका. डॉक्टर बहुतेक वेळा दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरतात.

पहिली पायरी: तारखा लिहा, आजपासून

यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी तपासणी मला माहीत नाही. कालनिर्णयच्या पानावर गोल करा, वहीत लिहा, मोबाइलमध्ये ठेवा, काहीही चालेल. पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली, किती दिवस अंगावरून गेलं, सगळ्यात जास्त जाण्याच्या दिवशी किती पॅड लागले. आठवत असेल तर मागच्या वर्षभराचंही लिहून काढा.

पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली असतील, तर चक्र २१ ते ३५ दिवसांचं असावं. २१ पेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त दिवस लागत असतील, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर ती अनियमित. मोबाइलमधलं अ‍ॅप "आज बीजांड सुटेल" असं सांगतं ते आपल्या बाबतीत सोडून द्या. ते मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं, आणि आपल्या तारखांना तसा नेम नसतो.

याच वहीत पुढे कंबरेचं माप, रक्तदाब, साखर हेही लिहायचं आहे. माझी तिसरी वही चालू आहे. डॉक्टर बदलले, गाव बदललं, फाइल एकदा भावाच्या घरी राहिली. वही मात्र पर्समध्ये असायची.

दुसरी पायरी: निदान पक्कं करून घ्या

नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष आजही वापरतात. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची चिन्हं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तसं दिसणारं अंडाशय, या तिनांपैकी दोन गोष्टी हव्यात. पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर दाट केसही आहेत, तर प्रौढ बाईला निदानासाठी सोनोग्राफीची गरजच पडत नाही. उलट पाळी दर महिन्याला नियमित येते, केस-पुरळ काही नाही, आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत "पीसीओ" दिसलं, तर तो पीसीओएस नव्हे. आयुष्यभराचं लेबल स्वतःला लावून घेऊ नका.

निकष बदलले की आकडे किती बदलतात ते बघा. मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या एका पाहणीत (ती २०१४ साली प्रसिद्ध झाली) रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस निघाला, आणि दुसऱ्या, जास्त कडक निकषांनी १०.७ टक्के. मुली त्याच, आकडा निम्म्याहून कमी.

दुसरी कारणं नाहीत ना, हे बघणं तितकंच महत्त्वाचं. गरोदरपणाची चाचणी, थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, या तपासण्या साधारणपणे सांगितल्या जातात. थायरॉइड बिघडलं तरी पाळी लांबते, वजन वाढतं, केस गळतात, आणि त्याचं औषध अगदी वेगळं असतं. शिवाय पुरुषी संप्रेरकांची तपासणी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्याचा आकडा खरा येत नाही. साधारण तीन महिने गोळी बंद असावी लागते. हे लॅबमध्ये कोणी विचारत नाही, तुम्हीच सांगा.

लॅबच्या "पीसीओडी पॅकेज"मध्ये बऱ्याचदा उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एलएच-एफएसएच (पाळीशी संबंधित दोन संप्रेरकं) यांचं गुणोत्तरही असतं. निदानासाठी दोन्हींची गरज नसते. डॉक्टरांनी काही कारणाने सांगितलं नसेल, तर ते पैसे पुढच्या पायरीसाठी ठेवा.

एक मात्र लगेच दाखवण्याचं. चार-सहा महिन्यांतच चेहऱ्यावर, छातीवर भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, पुढून टक्कल पडायला लागलं, तर वाट बघू नका. पीसीओएस असा झपाट्याने येत नाही.

तिसरी पायरी: साखरेची खरी तपासणी

हे माझ्याकडून राहिलं. पहिली सहा वर्षं मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पीसीओएस असलेल्या बाईला मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, बारीक असली तरी. नुसती उपाशीपोटी साखर बघून हे सुटून जाऊ शकतं. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त, ही तपासणी मागून घ्या. दोन तासांचा आकडा १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा पुढे म्हणजे मधुमेह. माझी उपाशीपोटीची साखर ९४ होती, अगदी छान. दोन तासांनंतरची १६८.

ते पाणी फार गोड असतं, मळमळतं. लिंबू पिळायची परवानगी असेल तर पिळा, सावकाश पण पाच-दहा मिनिटांत संपवा, आणि ते दोन तास लॅबमध्येच बसून राहा. उलटी झाली तर तपासणी पुन्हा करावी लागते. ही तपासणी शक्य नसेल तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा. दर एक ते तीन वर्षांनी हे पुन्हा करायचं, तुमच्या धोक्याप्रमाणे डॉक्टर ठरवतील. सोबत एकदा कोलेस्टेरॉल, आणि वर्षातून एकदा तरी रक्तदाब.

चौथी पायरी: तीन महिने पाळी आली नाही, तर थांबू नका

"येत नाही तर बरंच आहे, कटकट नाही," असं मी कॉलेजात म्हणायचे. ते चुकीचं होतं. बीजांड सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तर मात्र वाढत राहतं, आणि पाळी आली नाही की ते झडत नाही. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या काही पट होतो. तरुण वयात हा कॅन्सर विरळाच आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. ९० दिवस उलटले की आधी गरोदरपणाची चाचणी, मग डॉक्टर. ते काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात, आणि त्या संपल्यावर साधारण आठवडाभरात अंगावरून जातं.

खूप दिवसांनी आलेली पाळी कधी कधी थांबता थांबत नाही. तासाला एक पॅड भिजतंय, चक्कर येतेय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता आपल्या घरांतली गोष्ट. गौरी-गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण आला की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. पाळीत देवाचं करावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपली पाळी कधी येणार हेच आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे या गोळ्या कधी सुरू करायच्या याचा हिशोबच लागत नाही. बायका मग पंधरा-वीस दिवस घेत राहतात. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर ते आधी सांगा.

गोळ्या: कोणती कशासाठी

मूल आत्ता नको असेल तर पाळीच्या नियमासाठी आणि केस-पुरळासाठी बहुतेक वेळा संप्रेरकांची गर्भनिरोधक गोळी देतात. पाकिटावरचा "गर्भनिरोधक" शब्द वाचून माझ्या आईने मला दोन दिवस काही विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात सोबत घेऊन गेले. तुमच्या घरी असं होण्यासारखं असेल तर आधीच सोबत न्या. त्या एका भेटीने पुढची कितीतरी वर्षं सोपी होतात.

गोळीवर दर महिन्याला येणारी पाळी गोळीमुळे येते. गोळी बंद केल्यावर पूर्वीसारखं झालं तर "गोळीने बिघडवलं" असं नसतं. मूळ तब्येत तीच असते. रक्तदाब असेल, तंबाखू-मिश्री-सिगारेट असेल, डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखायची अर्धशिशी असेल, घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली असेल, तर हे सगळं डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी सुरू करू नका.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, पण मधुमेह नसतानाही देतात, इन्सुलिनचं काम सुधारावं म्हणून. एकटी घेतली तर साखर एकदम खाली जात नाही. पहिले दोन आठवडे पोट बिघडतं, मळमळतं, जुलाब होतात. कमी डोसापासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि जेवणासोबत घ्यायची असते. आठवड्यात कंटाळून सोडू नका, सावकाश सुटणारी गोळी मिळते ती मागा. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल तर ते मधून मधून तपासा.

"पीसीओडी मुळापासून बरा" म्हणणारे काढे, चहा, पावडरी मी पण घेतल्या आहेत. हजारो रुपये गेले. हे मुळापासून बरं होत नाही, ते आटोक्यात राहतं, आणि आटोक्यात ठेवून छान जगता येतं. जो बरं करायचं वचन देतो त्याच्याकडे जाऊ नका.

ताटात काय बदलायचं

पीसीओएससाठी म्हणून एकच एक सिद्ध आहार नाही. दूध सोडा, गहू सोडा, भात बंद करा, याला सगळ्यांसाठी म्हणावा असा आधार नाही. आपलंच जेवण, फक्त वाटे बदललेले, हे माझ्याकडे टिकलं. पूर्वी माझ्या ताटात तीन पोळ्या, भाताचा डोंगर, बटाट्याची भाजी आणि वाटीच्या तळाशी वरण असायचं. आता उसळ किंवा घट्ट वरणाची मोठी वाटी आधी वाढून घेते. मटकी, हरभरा, पिठलं, अंडं, बांगडा, पनीर, जे असेल ते. मग भाजी आणि कोशिंबीर, आणि उरलेल्या जागेत भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या तर फरक पडत नाही.

दोन जागा नीट तपासा. पहिली चहा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर, बिस्किटं वेगळी. मी आधी कप कमी केले, मग चमचे. दुसरी जागा उपवास. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. संकष्टी, चातुर्मास, नवरात्र धरून महिन्यात चार-पाच दिवस तेच खाणं होतं. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ताक, दही, फळ असा करता येतो.

वजनाबद्दल एक मनापासून सांगते. वजन जास्त असेल तर ५ टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ७२ किलोच्या बाईला हे साधारण साडेतीन किलो होतात. वीस किलोचं ओझं डोक्यावर घेऊ नका. इन्सुलिन जास्त असताना वजन उतरवणं खरोखर कठीण असतं, तुम्ही आळशी आहात म्हणून ते कठीण जात नाही. आणि ज्या बारीक आहेत त्यांना "वजन कमी करा" हा सल्ला लागूच नाही. त्यांनीही साखर तपासायची आणि व्यायाम करायचा. कंबर ८० सेंटीमीटरच्या आत आहे का, हे वहीत लिहा.

चालणं, आणि जरा वजन उचलणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं दमवणारं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. जिम नको. उठाबशा, भिंतीवरचे जोर, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, जिना. स्नायू साखर वापरतात, म्हणून वजनकाटा हलला नाही तरी याचा उपयोग होतो. मला जेवणानंतरची पंधरा मिनिटं सगळ्यात सोपी गेली, कारण तेव्हा कोणी "कुठे चाललीस" विचारत नाही.

चेहऱ्यावरचे केस

थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर, यातलं काहीही केलं तरी केस जाड किंवा जास्त येत नाहीत. रेझरने टोक बोथट होतं म्हणून खरखरीत लागतं, एवढंच. गोळ्यांचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, केसाची वाढच तशी संथ असते. लेझर काळ्या, जाड केसांवर चालतं, पण आपल्या सावळ्या रंगाला योग्य यंत्र आणि जाणता हात हवा, नाहीतर डाग पडतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच. मानेचा काळेपणा घासू नका आणि त्यावर गोरेपणाची क्रीम लावू नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने चेहऱ्याची त्वचा पातळ होते आणि केसही वाढतात.

मन, लग्न आणि मूल

उदासी आणि चिंता आपल्यात इतरांपेक्षा जास्त आढळते. डॉक्टरांना ती सांगायची असते, तीही या आजाराच्या हिशोबात धरतात. झोप लागत नाही, कशात मन लागत नाही असं दोन आठवडे चाललं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. रात्री घोरत असाल आणि दिवसभर पेंग येत असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असू शकतो.

"लग्न झालं की सगळं सुरळीत होईल" हे मला एका डॉक्टरांनीही सांगितलं होतं. लग्नाने इन्सुलिन बदलत नाही. आणि "हिला मूल होणार नाही" हेही तितकंच खोटं. बहुतेकींना मूल होतं, काहींना उपचार घेऊन, काहींना काहीच न करता. पाळी अनियमित असली तरी बीजांड अधूनमधून सुटतं. म्हणून मूल नको असेल तर गर्भनिरोधन हवंच.

मूल हवं असेल तर ठरवल्या दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, आणि दिवस राहण्याआधी साखर व रक्तदाब बघून घ्या. बीजांड सुटण्यासाठी पहिलं औषध आता बहुधा लेट्रोझोल असतं. पाकिटातल्या कागदावर "स्तनाच्या कर्करोगासाठी" असं वाचून माझी मावसबहीण रडत आली होती. औषध तेच आहे, पण इथे ते फक्त पाच दिवस घेतात. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. जुन्या बातम्या अजून फिरतात, त्या वाचून गोळी बंद करू नका. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत पीसीओएस असल्याचं सांगा, म्हणजे साखरेची तपासणी वेळेवर होते.

घरात लहान मुलगी असेल तर

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होणारच. पहिल्या वर्षानंतर ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. ९० दिवस उलटले तर दाखवायचं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवत नाहीत, कारण त्या वयात अंडाशय तसंच दिसतं. मुलीमध्ये पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांची चिन्हं दोन्ही असावी लागतात.

माझी भाची चौदा वर्षांची आहे. बहिणीने मागच्या महिन्यात तिच्या सोनोग्राफीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "हिलाही तुझ्यासारखंच." मी फोन करून पाळ्यांच्या तारखा विचारल्या. ३८ दिवस, ४१ दिवस, ३३ दिवस. चेहरा स्वच्छ, मान स्वच्छ. तिला आत्ता कोणतंही औषध नको, नावही नको. एक वही दिली आहे, तारखा ती स्वतः लिहिते, आणि दोन वर्षांनी आम्ही दोघी मिळून ती पुन्हा बघणार आहोत.